काळ्या कापडावरचं पीठ

त्या शनिवारची यादी माझ्याकडे अजून आहे. शाळेच्या जुन्या डायरीतलं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, सतरा ओळी. सोळा ओळींपुढे बरोबरची खूण आहे. मी एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे आणि यादीशिवाय भाजीलासुद्धा जात नाही. घरातली माणसं त्यावरून मला हसतात, आणि घरात कार्य निघालं की पहिला फोन मलाच करतात. ही यादी मात्र कार्याची नव्हती. पानाच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "खून. शनिवार, संध्याकाळी सात."

माझी धाकटी बहीण पुंडलिकनगरला राहायची. माझ्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं. तिचा आजार दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि "आता घरीच आराम करू द्या" असं सांगितलं. त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला आणि प्रत्येकानं तो आपल्यापुरता ठेवला. बहिणीसमोर सगळे म्हणायचे, "थोडी ताकद आली की पुन्हा चालू करू." मीही म्हणायचे. तिला मात्र बोलायचं होतं. आपण गेल्यावर काय करायचं, काय नाही, हे तिला नवऱ्याला सांगायचं होतं, आणि तो ऐकून घेत नव्हता. भांडायचा नाही, रागवायचाही नाही. ती "माझ्यानंतर" एवढं म्हणाली की तो उठायचा. "मोटार चालू करून येतो."

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्याची मोटार त्या महिन्यात दिवसातून चारदा चालू व्हायची.

खेळ आणला भाचीनं. ती पुण्याला नोकरी करते, आईसाठी घरूनच काम करत होती. तिच्या ऑफिसात असा खेळ झाला होता: जेवणाचं टेबल मांडायचं, प्रत्येकाला एक सोंग द्यायचं, एकाचा खून झालेला असतो, जेवता जेवता खुनी शोधायचा. आईला जरा बरं वाटेल म्हणून तिनं सुचवलं. बहिणीनं आयुष्यभर वाचनालयातल्या रहस्यकथा उशाशी ठेवल्या होत्या, ती उठूनच बसली.

"मी मेलेली होणार," ती म्हणाली.

"आई, नको ना. तू बंगल्याची मालकीण हो."

"मालकीणच. पण मेलेली. या घरात माझ्याइतकी तयारी दुसऱ्या कुणाची आहे?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी डायरी उघडली आणि टेबलाला किती कापड लागेल ते मोजायला लागले. मला तेवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिच्याजवळ होते. तिनं उशीखालून एक बंद पाकीट काढून दिलं. वर लिहिलं होतं, "इन्स्पेक्टरसाठी. जेवण झाल्यावर मोठ्याने वाचावे." इन्स्पेक्टरचं सोंग तिनं नवऱ्याला दिलं होतं.

"मयताचं मृत्युपत्र आहे असं सांग. खेळातलंच आहे, वाचावंच लागतं म्हण. सगळ्यांच्या देखत तो उठून जाणार नाही."

"मला सांग ना काय आहे ते. मी करते सगळं."

"तुला सांगितलं तर तू करशीलच, ताई. यादी करशील आणि एकूण एक पार पाडशील. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. एकदा. तू उघडू नकोस, शपथ आहे."

मी पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि यादीत मधल्या ओळी कोऱ्या सोडून अगदी तळाशी सतरावी ओळ लिहिली: पत्र, जेवणानंतर.

काळं कापड आणायला गुलमंडीत गेले. दुकानदार म्हातारा, मापाची पट्टी गळ्यात टाकून बसलेला, बायकांना ताईऐवजी 'बाजी' म्हणणारा.

"कितना होना, बाजी?"

"तीन मीटर."

"पर्दे के वास्ते?"

"नाही. घरी खून आहे."

त्यानं कात्री थांबवून माझ्याकडे नीट बघितलं, मग हसला. "अच्छा है, काला ले रै आप. काले पे कुछ दिखता नै."

हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत मी तिची पाठ धरून बसले. पाठीचे मणके बोटांनी मोजता येत होते.

शनिवारी मी सकाळीच गेले. पाण्याचा दिवस होता, त्यामुळे आधी टाक्या, मग टेबल. सहा खुर्च्यांचं टेबल, एक पाय जरा आखूड, त्याखाली वहीचा पुठ्ठा. भिंतीपासून ओढून हॉलच्या मधोमध घेतलं. काळं कापड इस्त्री करून अंथरलं. मधोमध बहिणीच्या लग्नातली हिमरूची शाल लांबट घडी करून घातली. तिचा लाल रंग अजून तसाच होता. ताटं स्टीलचीच, पण घासूनपुसून. प्रत्येक ताटाशी सोंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी, वर मिठाची छोटी वाटी ठेवून दाबलेली. हत्यारं घरातलीच घेतली: अडकित्ता, बत्ता, आडाची जुनी दोरी, आणि तिच्याच औषधांची रिकामी बाटली, लेबल काढून. बाटली मी एकदा ठेवली आणि परत उचलली. बहीण पलंगावरून बघत होती.

"ठेव, ठेव. खरा आरोपी तोच आहे."

मयताच्या ताटाचं काय करायचं ते भाचीनं फोनवर वाचून दाखवलं. ते पालथं घालायचं आणि त्याच्यापुढे खुन्याच्या बोटांचे ठसे दिसायला हवेत. ठसे काळ्या कापडावर कसे दिसणार? मला लगेच सुचलं. पीठ. चहाच्या गाळणीतून तांदळाचं पीठ हातभर गोलात भुरभुरलं. काळ्यावर पांढरं असं उठून दिसलं की मीच खूश झाले. जेवण सुरू होताना ज्याच्या चिठ्ठीत खुनी लिहिलंय त्यानं गुपचूप बोटं टेकवायची, असं ठरलं. हॉलमधला दिवा तेव्हा बंद असणार, म्हणून पिठाजवळ एक दिवा हवा. भाचीनं दिवाळीतला बॅटरीचा, लुकलुकणारा दिवा आणला. मग पंख्याची अडचण आली. पंखा बंद केला की बहिणीला गुदमरायचं, आणि चालू ठेवला की पीठ उडायचं. मी स्वयंपाकघरातून कांद्याची बांबूची टोपली रिकामी केली, पुसली आणि पिठावर दिव्यासकट पालथी घातली.

अकरा, पीठ. बारा, दिवा. तेरा, टोपली. तीन ओळी, तीन खुणा. मी त्या एकेक करून केल्या आणि तिन्ही एकत्र कशा दिसतात ते बघितलं नाही.

बघायला हवं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की जिथं त्याला ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघतात. पक्ष्याची पावलं, मुंगीची रांग, कसली रेघ. त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते म्हणे कळतं. वडील गेले तेव्हा पीठ मीच चाळलं होतं. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पंखा होता.

बहिणीच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो, मूळच्या सोयगावकडच्या. वय ऐंशीच्या पुढे. नवरा आणि एक मुलगा त्यांनी पोचवलेला. त्यांना या खेळाचं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. "घरात दुखणं असताना असलं अभद्र" म्हणून त्या अडवतील अशी भीती. यादीत त्यांचीही ओळ होती: आत्याबाई, सहा वाजता जेवण, नंतर खोलीत टीव्ही. त्यापुढेही खूण आहे.

सातला शेजारचं जोडपं आलं. वहिनी माझ्या बहिणीच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी डॉक्टरीणबाईचं सोंग म्हणून नवऱ्याचा पांढरा शर्ट घातला होता. येसरची आमटी, वांग्याचं भरीत, भाकरी आणि बहिणीसाठी मऊ खिचडी. तिला आम्ही दोघींनी धरून मयताच्या खुर्चीत बसवलं. डोक्याला तिनं मुद्दाम चांगला रेशमी रुमाल बांधला होता. बहिणीचा नवरा जुनी खाकी टोपी घालून आला. तिच्यासाठी त्यानं ती कुठूनतरी मागून आणली होती. वर्षभरात त्यानं अशी हौस केलेली मी बघितली नव्हती.

"इन्स्पेक्टर साहेब, आज मोटार?" बहीण म्हणाली.

"ड्यूटीवर आहे. आज मोटार बंद."

ती हसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या ताटाखाली मी पाकीट सरकवलेलं होतं. सगळं जमून येत होतं.

भाचीनं हॉलचा दिवा बंद केला. काळं टेबल दिसेनासं झालं. दिसत होती फक्त टोपली, आणि तिच्या विणीतून लुकलुकणारा उजेड, बहिणीच्या अगदी पुढ्यात.

तेवढ्यात आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन खोलीबाहेर आल्या.

त्या दारातच थांबल्या. आम्हाला वाटलं, अंधारात दिसत नसेल. मग तांब्या पडल्याचा आवाज झाला.

"कोण गेलं?" त्या म्हणाल्या. "आगं, कोण गेलं?"

त्या भिंत धरत धरत टेबलापाशी आल्या, त्यांनी टोपली उचलली, पीठ बघितलं आणि समोर बसलेली सून बघितली.

"जित्या माणसाच्या म्होरं मांडलंय? कुणी मांडलं ह्ये?"

"मी मांडलं, आत्याबाई," मी म्हणाले. "खेळ आहे. ठशांसाठी आहे. पंखा होता म्हणून टोपली..."

"शिकल्या सवरल्याली ना तू? बापाला न्हाई मांडलं तुझ्या?" त्या खाली फरशीवर, सांडलेल्या पाण्यातच बसल्या. "दोनदा मांडलं म्या. दोनदा. आता डोळ्यादेखत तिसऱ्यांदा व्हय?"

आणि बहिणीला हसू फुटलं. आधी मला वाटलं ती रडतेय. ती खरोखर हसत होती, हात तोंडावर धरून, खांदे हलत होते. तिला त्या वेळी का हसू आलं ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. नवऱ्याला मात्र ते हसू सोसलं नाही. त्यानं दिवा लावला, टोपी काढून काळ्या कापडावर ठेवली, "बास आता," म्हणाला आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं मोटारीचा आवाज आला.

शेजारच्यांना मी आमटी, भाकरी डब्यात भरून दिली. आत्याबाईंना भाचीनं कोरडं लुगडं नेसवलं. मी टेबल आवरलं. त्याच्या ताटाखालचं पाकीट काढून बहिणीपुढे धरलं.

"असू दे तुझ्याजवळ," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पुढच्या रविवारी परत मांडू. सगळं असंच. टोपली तेवढी नको."

"मी आत्ताच हाक मारते त्याला. देते हातात."

"हातात दिलं की खिशात जाईल. रविवारी, ताई. लिही तुझ्या यादीत."

मी नव्या पानावर लिहिलं. शुक्रवारी तिला धाप लागली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तोंडाला मास्क लागला, बोलणं संपलं. मी खुर्चीत बसून असायचे, पर्स मांडीवर. ती मधूनमधून डोळे उघडायची आणि माझ्या मांडीकडे बघायची. एकदा बराच वेळ बघत होती. मी पर्समधून रुमाल काढला आणि तिच्या कपाळावरचा घाम पुसला. तिनं डोळे मिटले. ती पर्सकडेच बघत होती असं मला आता वाटतं. तेव्हा कदाचित ती नुसतीच बघत असेल.

सोमवारी दुपारी ती गेली.

त्यानंतरची कामं मी केली. कुणाला फोन, कुठली गाडी, किती माणसांचा चहा. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी आणि हिरवा चुडा. हॉलमधलं टेबल भिंतीला लावलं आणि तिला मधोमध, टेबलाच्या जागी ठेवलं. संध्याकाळी त्या जागेवर आत्याबाईंनी पीठ मागितलं. चाळून मीच दिलं. टोपली तीच.

सकाळी आत्याबाई काठी टेकत वाकल्या. भाची त्यांच्या मागे उभी होती, रडून रडून डोळे बारीक झालेली. आत्याबाईंनी टोपली उचलली आणि खूप वेळ बघितलं.

"चिमणीची पावलं हायती," त्या म्हणाल्या. "सुटली पोरगी. उडून गेली."

भाचीनं माझा दंड धरला. "मावशी, दिसतात का गं?"

पीठ सपाट होतं. एका कडेला टोपली घसरल्याची रेघ होती, बाकी काही नाही.

"हो," मी म्हणाले.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्यानं स्वतःहून टेबल पुन्हा मधोमध ओढलं. पुठ्ठा घालायचा राहिला, तो मी घातला. चौघंच जेवायला बसलो: तो, भाची, आत्याबाई आणि मी. वरण, भात, तूप. काळं कापड नव्हतं, काही नव्हतं. जेवण होईपर्यंत मी थांबले. मग पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"हे त्या शनिवारचं आहे. मोठ्यानं वाचायचंय."

त्यानं वरची अक्षरं बघितली. खुर्ची मागे सरकली, म्हणजे तो उठणारच होता. पण उठला नाही. त्यानं पाकीट फोडलं आणि वाचायला लागला.

"इन्स्पेक्टर साहेब, खून कुणी केला ते आपली लेक सांगेल. तोवर माझं ऐका. उठू नका. मोटार बंद आहे, मी बघितलंय. ताईसारखे आकडे घालते.

"एक. हिरवी साडी नको, जर टोचते. कपाटात खालच्या कप्प्यात जांभळी सुती आहे, धुऊन मऊ झालेली. ती नेसवा.

"दोन. डोळे द्यायचेत. फॉर्म भरलाय, त्याच साडीच्या घडीत आहे. गेल्यावर सहा तासांच्या आत कळवावं लागतं. नंबर ताईला यादीत सगळ्यात वर लिहायला सांगा, म्हणजे चुकणार नाही."

इथं तो थांबला. भाची टेबलावर डोकं ठेवून बसली होती. मी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. तो प्यायला नाही.

"तीन. आत्याबाई पीठ पसरतील. पसरू द्या, त्यांना धीर येतो. पण काही उमटलं नाही तर नाही म्हणा. चिमणीची पावलं वगैरे सांगून लेकीला फसवू नका. वर्षभर सगळे माझ्याशी खोटं बोललात. मी गेल्यावर तरी खरं बोला. एवढंच. आता जेवणानंतरचं गोड वाढा."

ती शनिवारी का हसली होती ते मला तेव्हा कळलं. पत्र लिहून झालं होतं आणि मी नेमकं पीठच तिच्यापुढे मांडून ठेवलं होतं.

आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "मला कुठं दिसतंय गं पिठातलं," त्या नातीला म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तू रडत व्हतीस, म्हणलं चिमणी म्हणावं."

"मावशीपण हो म्हणाली," भाची डोकं न उचलता म्हणाली.

"काही नव्हतं," मी म्हणाले. "पीठ सपाट होतं."

मेहुण्यानं कागद परत घडी घातला, पहिल्या घड्यांवरच, बोटानं दाबून दाबून. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वाजता गेली ती?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"आणि आपण तिला घेऊन घरून किती वाजता निघालो?"

"पावणेसातला."

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "हे पत्र तेव्हा कुठं होतं, ताई?"

घरी कपाटात होतं, गडबडीत विसरले, असं म्हणता आलं असतं. तसं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"माझ्या पर्समध्ये," मी म्हणाले. "दवाखान्यात. मांडीवर होती पर्स."

त्यानं मान हलवली. कागद ताटाखाली सरकवला, मी त्या शनिवारी ठेवला होता तसाच, आणि उठून बाहेर गेला. मोटारीचा आवाज मात्र आला नाही. बराच वेळ आम्ही तिघी वाट बघत बसलो.